'गाडीवर शे, नंतर करस'

जळगावात मी गाडी चालवायला शिकवते. सासर जळगावचं, माहेर धुळ्याला देवपुरात. रोज सकाळी शहराच्या गल्ल्यांतून शिकाऊ हातांसोबत फिरायचं आणि सणावाराला, आजारपणाला, लग्नकार्याला धुळ्याचा रस्ता धरायचा, असं माझं आयुष्य स्टिअरिंगच्या आसपासच गेलं. बांभोरीचा गिरणेवरचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. जुना सहा नंबर हायवे. सरकारी कागदावर तो आता ५३ झाला, आमच्या तोंडी अजून सहाच आहे.

शिकवणाऱ्याची जागा डावीकडची. आमच्या गाडीला दुहेरी ब्रेक असावा लागतो, तसा नियमच आहे. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या. डाव्या सीटवरून चालवणाऱ्याचा चेहरा दिसतो, जो त्याला स्वतःला दिसत नाही. फोनवर बोलत गाडी चालवणं खरंच एवढं धोक्याचं आहे का, हे प्रत्येक बॅचला कुणीतरी विचारतंच. विचारताना उत्तरही तयार असतं: "आम्ही तर रोज बोलतो ताई, काही होत नाही." मला या सीटवरून जे कळलं ते असं.

१. नजर समोर असते, तरी समोरचं दिसत नाही

मेहरूण तलावाच्या बाजूला सकाळी आम्ही सराव घेतो. एक शिक्षिका शिकायला होत्या. हात पक्के, क्लच छान सांभाळायच्या. त्यांची स्वतःची गाडी होती आणि फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला. मुलाचा फोन आला आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी घेतला. "आई, माझी विज्ञानाची वही कुठे ठेवलीस?" बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर सरळ समोर, वेग जेमतेम वीस-पंचवीस. डावीकडून एक लोटगाडीवाला निवांत रस्त्यात आला. बाईंनी वेग कमी केला नाही, हॉर्न दिला नाही, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांच्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, हँडब्रेक ओढून मी गाडी थांबवली. "लोटगाडी दिसली नाही का?" तर त्या म्हणाल्या, "कुठली लोटगाडी?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या क्षणी त्या घरातल्या कपाटाचा दुसरा कप्पा बघत होत्या.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेच प्रयोगाने दाखवलं. गाडी चालवण्याच्या नकली यंत्रावर माणसं बसवली, त्यांची नजर कुठे जाते हे टिपणारं उपकरण लावलं आणि रस्त्याकडेला पाट्या ठेवल्या. फोनवर बोलणाऱ्यांची नजर पाट्यांवर गेलेली होती, उपकरणात ते नोंदलंही होतं. पण नंतर विचारलं तेव्हा त्यांना त्यातल्या पुष्कळ पाट्या ओळखता आल्या नाहीत. हा फोन हातात धरायचा नव्हता, हँड्स-फ्री होता.

"मी समोरच बघत होतो, तो अचानक आला," हे वाक्य अपघातानंतर हमखास ऐकू येतं. आता ते मला खरं वाटतं. माणूस समोरच बघत असतो.

२. गळ्यातल्या पट्ट्याने सुटका होत नाही

हल्ली प्रत्येकाच्या गळ्यात ब्लूटूथचा पट्टा असतो. नवीन गाड्यांत फोन स्क्रीनवर उमटतो आणि स्टिअरिंगवरच्या बटणाने उचलता येतो. त्यामुळे लोकांची समजूत झाली आहे की हात मोकळे म्हणजे प्रश्न मिटला. कायद्यानेही या समजुतीला हातभार लावला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक चालवण्याच्या यादीत हातात धरून वापरायचं संपर्क-साधन स्पष्टपणे घातलं. पोलिसाला हातच दिसतो, त्यामुळे कायदा हातापाशी थांबला हे समजण्यासारखं आहे.

पण टोरंटोचा १९९७ चा अभ्यास बघा. रेडलमायर आणि टिब्शिरानी या दोघांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत फोन चालू होता का, आणि आदल्या दिवशी त्याच वेळी चालू होता का, अशी तुलना केली. फोनवर असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा काहीही फायदा दिसला नाही. पुढे २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात दवाखान्यात आलेल्या जखमी चालकांवर असाच अभ्यास झाला. तिथेही चौपटच, आणि तिथेही हात मोकळे असण्याने फरक पडला नाही.

स्ट्रेयर यांनी २००६ मध्ये आणखी एक तुलना छापली. तीच माणसं एकदा दारू पाजून आणि एकदा फोनवर बोलायला लावून चालवायला बसवली. दारूचं प्रमाण अमेरिकेतल्या कायद्याच्या मर्यादेइतकं, म्हणजे रक्तात १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम. आपल्याकडची मर्यादा ३० आहे. फोनवर बोलणाऱ्यांचा ब्रेक उशिरा लागत होता आणि पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे प्रसंग फोनवरच्यांच्या वाट्याला आले.

खान्देशातल्या लग्नांत मी असे कितीतरी सज्जन पाहिले आहेत जे "गाडी चालवायची आहे" म्हणून ग्लासाला हात लावत नाहीत, आणि मग परतताना पारोळ्यापर्यंत लग्नातल्या मानपानावर फोनवरून चर्चा करत जातात.

३. शेजारी बसलेलं माणूस योग्य वेळी गप्प होतं

यावर वाद घालणारे लगेच म्हणतात, "मग शेजारच्याशी बोलणंही बंद करायचं का?" प्रश्न रास्त आहे, आणि डावीकडे बसून पोट भरणाऱ्या बाईला त्याचं उत्तर देता यायला हवं.

माझी आई बोलकी. धुळ्याहून तिला आणायची तर देवपुरापासून बांभोरीपर्यंत तिच्या मावस बहिणींचा सगळा इतिहास होतो. पण समोरून केळीचा ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडत आमच्या अंगावर यायला लागला की तिचं वाक्य अर्ध्यात तुटतं. "थांब, जाऊ दे त्याला आधी." ट्रक गेला की गोष्ट पुढे. तिला कुणी हे शिकवलेलं नाही. रस्ता तिलाही दिसतो, जीव तिचाही त्याच गाडीत असतो. तीच आई फोनवर असली तर तिला ना ट्रक दिसतो, ना एरंडोलच्या वळणावरची गर्दी. मी दोन सेकंद गप्प झाले तर तिकडून आवाज चढतो: "ऐकतेस ना? आवाज येतोय का?" म्हणजे नेमकं जिथे गप्प राहायला हवं तिथे फोन उत्तर मागतो.

२००८ मध्ये युटाच्याच लोकांनी हे तपासलं. चालकाला सांगितलं की हमरस्त्यावरून जा आणि आठ मैलांवरच्या विश्रांतीच्या थांब्यावर बाहेर पड. शेजारी मित्र बसलेला होता ते बहुतेक सगळे बरोबर बाहेर पडले. मित्रांनीच कितीदा तरी आठवण करून दिली, रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलले. फोनवर मित्राशी बोलणाऱ्यांपैकी निम्मे थांबा चुकवून पुढे निघून गेले.

म्हणून माझ्या क्लासात शेजारच्या सीटलाही काम दिलेलं असतं. फोन वाजला तर तो शेजारच्याने घ्यायचा, आणि निरोप लगेच द्यायचा नाही. गाडी सरळ मोकळ्या रस्त्याला लागली की मग द्यायचा.

४. दुचाकी आणि रुमाल

उन्हाळ्यात आमच्याकडे तोंड बांधल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. पोरी स्टोल गुंडाळतात, पुरुष रुमाल बांधतात, आणि त्या गुंडाळ्यात कानापाशी फोन खोचला जातो. दोन्ही हात मोकळे, पोलिसालाही दिसत नाही. युक्ती म्हणून कौतुकास्पद, पण त्या एका कानाने मागून येणाऱ्या डंपरचा आवाज ऐकायचा असतो हे विसरलं जातं. गाडीवाल्याला निदान तीन आरसे असतात. दुचाकीवाल्याचा एक आरसा वळलेला आणि दुसरा गळून पडलेला असतो, त्याला मागचं कळतं ते कानाने.

मान वाकडी करून खांद्यात फोन दाबणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांना ते चुकतंय हे माहीत असतं. रुमालवाल्यांना ते माहीत नसतं, म्हणून त्यांची जास्त भीती वाटते.

५. "झोप येऊ नये म्हणून बोलतो"

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील ट्रकवर होते. सावदा-रावेरकडून केळी भरायची आणि जळगाव, धुळे, मालेगाव, नाशिक करत मुंबईला पोचवायची. मुलीला घ्यायला आले की माझ्याशी वाद घालायचे. त्यांचं म्हणणं असं: "ताई, तुम्ही दिवसा शहरात शिकवता. रात्री दोनला धुळं सोडून लळिंगचा घाट चढताना डोळ्यांवर जी झापड येते ती तुम्हाला ठाऊक नाही. तेव्हा मागच्या गाडीवरच्या ड्रायव्हरशी फोनवर बोलत राहतो म्हणून जिवंत आहे."

हा मुद्दा मी झटकून टाकू शकले नाही, आणि टाकूही नये. व्हर्जिनिया टेक या संस्थेने अमेरिकेतल्या मालवाहू ट्रकांत कॅमेरे बसवून प्रत्यक्ष रस्त्यावरची माहिती गोळा केली आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. चालवताना मेसेज लिहिणाऱ्या ट्रकचालकाचा अपघाताचा किंवा तो थोडक्यात टळण्याच्या प्रसंगाचा धोका २३ पट, नंबर लावणाऱ्याचा सुमारे सहापट. नुसतं बोलण्याने मात्र धोका वाढलेला दिसला नाही, आणि हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांचा तर कमीच दिसला. लांब पल्ल्याच्या एकट्या ट्रकचालकाला बोलण्याने जाग राहते, हे त्याचं एक कारण असू शकतं. तेव्हा काका निम्मे तरी बरोबर होते, आणि टोरंटोचा चौपट आकडा सगळ्या बोलण्याला सरसकट चिकटवणं योग्य नाही.

पण तो अमेरिकेतला ट्रक होता. तिथल्या हमरस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहतूक वेगळी असते आणि पायी माणूस नसतो. आपल्या रस्त्यावर रात्री दोनला काय असतं? कापसाने शिगोशीग भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. उलट्या बाजूने हॉटेलकडे निघालेला मोटारसायकलवाला. बसकण मारलेली गुरं. चैत्रात तर खान्देशातून वणीच्या गडाकडे माणसं झेंडे घेऊन पायी निघतात. ऊन टाळायला रात्री चालतात, रस्त्याच्या कडेने, बायका-पोरांसह. अशा रस्त्यावर नुसतं जागं असून भागत नाही. अंधारात सावली हलली तर ती माणसाची आहे हे ओळखायला डोकं रिकामं लागतं.

आणि झापडीवर फोन हा उपाय नव्हे. बोलणं संपलं की ती परत येते, आणि ते कधी संपेल हे पलीकडचा ठरवतो. घाट चढण्याआधी पेट्रोल पंपावर वीस मिनिटं आडवं होणं हा उपाय आहे. काका यावर हसले. "वीस मिनिटं? शेठचे चार फोन येतील तेवढ्यात."

खरी अडचण तिथे होती.

६. फोन करणाराही चालकच असतो

आजवर फोनबद्दल सगळा उपदेश उचलणाऱ्याला केला गेला. लावणाऱ्याला कुणी काही बोलत नाही. माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त दोष त्याचा.

केळी हा नाशवंत माल. झाडावरून उतरली की घड्याळ सुरू. भाव रोज बदलतो, बऱ्हाणपूरचा लिलाव काय निघाला यावर इथली गणितं फिरतात. मग ट्रक निघाला की व्यापाऱ्याचा जीव टांगणीला. "कोठे शे?" (कुठे आहेस?) पाळधीला एक फोन. "कोठे शे आता?" पारोळ्याला दुसरा. तिकडचा माल उतरवणारा वेगळा विचारतो, ट्रकमालक वेगळा, हमालांचा मुकादम वेगळा. यातल्या एकाही फोनने ट्रक एक किलोमीटरही लवकर पोचत नाही. आणि न उचलून चालत नाही. कारण न उचलणाऱ्याला पुढच्या खेपेला बोलावणं येत नाही.

हेच कापसाच्या, डाळीच्या, पाइपच्या गाड्यांचं. हेच बी-बियाणं आणि औषधं विकत तालुक्या-तालुक्यांत फिरणाऱ्या पोरांचं, ज्यांच्या साहेबाला दुपारच्या दोन वाजता चोपड्याच्या रस्त्यावर 'टार्गेट'बद्दल बोलायचं असतं. साहेबाला पक्कं माहीत असतं की पोरगा दुचाकीवर आहे, कारण त्यानेच त्याला पाठवलेलं असतं.

बायकांची गोष्ट वेगळी नाही, फक्त फोन करणारे घरचे असतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या गृहिणी तासाभराच्या सरावासाठी घराबाहेर पडतात, तेवढ्यात डाळीला फोडणी कधी घालू, पाण्याची मोटर बंद केली का, चार्जर कुठे आहे, हे सगळे प्रश्न येतात. पुरुष शिकायला येतात तेव्हा एवढे फोन येत नाहीत. यावर अधिक बोलत नाही, वाचणाऱ्या बायकांना कळेल.

आमच्या घरात आम्ही एक रीत घातली आणि ती टिकली. फोन लावला की पहिलं वाक्य: "गाडीवर आहेस का?" उत्तर हो आलं की फोन ठेवायचा, कारण न सांगता, निरोप न देता. "एकच मिनिट" हा शब्द बाद. माझे सासरे गावाकडचे, त्यांनी हे सगळ्यांत आधी उचललं. त्यांना कुणाचा फोन आला की अहिराणीत एवढंच सांगतात, "गाडीवर शे, नंतर करस" (गाडीवर आहे, नंतर करतो), आणि कट. नातेवाइकांना सुरुवातीला राग आला. आता तेही तसंच करतात.

कुठपर्यंत पोचला हे कळायलाच हवं असेल तर व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवता येतं. निघताना एकदा चालू केलं की घरचे नकाशावर ठिपका बघत बसतात. आई आता तेच करते. मी पारोळ्याला चहाला थांबले की धुळ्याहून फोन येतो: "थांबलीस ना? मग बोल."

७. मेसेजचा हिशेब वेगळा

बोलण्यात डोकं जातं, मेसेजमध्ये डोळेही जातात. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. दोन सेकंद खाली बघितलं की ४४ मीटर गाडी आंधळी गेली. बांभोरीच्या पुलावर मुलांना मी हे पावलांनी मोजून दाखवायचे. वाहतूक वाढली आणि ते बंद करावं लागलं. आता मेहरूणलाच खडूने रेघा मारते.

रील बघत चालवणाऱ्यांना मी काही शिकवू शकत नाही.

८. आकडे आणि फिर्यादी

केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतले मोबाइलच्या वापरामुळे म्हणून नोंदलेले मृत्यू ३,३९५, म्हणजे दोन टक्के. अतिवेगाच्या नावावर सत्तर टक्क्यांहून जास्त. हे वाचून एक विद्यार्थी मला म्हणाला, "बघा ताई, फोनचं उगाच मोठं केलंय."

मी त्याला फिर्याद कशी लिहिली जाते ते सांगितलं. अपघाताच्या फिर्यादीत ठरलेले शब्द असतात: भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे. बसलं की लिहिलं. चालक जिवंत असेल तर तो फोनबद्दल का सांगेल? मेला असेल तर फोन खिशात आहे की पायाखाली, हे गर्दीत कोण बघतं? कंपनीकडून फोनच्या नोंदी मागवून वेळ जुळवणं हे मोठ्या प्रकरणात होतं, रोजच्या मोटारसायकल-ट्रॅक्टरच्या धडकेत नाही. त्यातही फोनवरचा चालक वेगाने जात असेल तर मृत्यू वेगाच्या रकान्यात जातो, कारण तिथे कारण एकच लिहायचं असतं. म्हणून ३,३९५ हा आकडा मी किमान म्हणून वाचते. खरा किती, ते ठोकून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

९. दंडाने किती फरक पडतो

कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दहा हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्ता शोधण्यासाठी नकाशा वापरायला २०२० पासून नियमाने मुभा आहे, तीही चालवणाऱ्याचं लक्ष ढळणार नाही अशा बेताने. नकाशा निघण्याआधी लावायचा आणि फोन काचेपाशी घट्ट बसवायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. हे ऐकलं की वर्गात शांतता पसरते. पाच हजारांना कुणी घाबरत नाही, लायसन्स जाण्याला घाबरतात. ज्याचं पोटच गाडीवर आहे तो जास्त.

मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशाने त्याचं चित्रीकरण करून थेट परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांना पाठवलं. चालकाला काढलं, आणि बस पुरवणाऱ्या खाजगी संस्थेला पाच हजारांचा दंड झाला. संस्थेलाही दंड झाला ही त्यातली मला आवडलेली गोष्ट, रक्कम सोडून. पण त्या बसमधल्या इतर प्रवाशांचा विचार मनातून जात नाही. पुढच्या सीटवरच्या किती जणांना ते दिसलं असेल आणि ते गप्प बसले असतील? आमच्याकडच्या काळीपिवळीत, लग्नाच्या गाडीत, वडापमध्ये ड्रायव्हर फोनवर असतो आणि आपण सगळे खिडकीबाहेर बघतो. "दादा, फोन ठेवा" एवढं म्हणायला भीड वाटते. मी म्हणते. दोनदा म्हणावं लागतं, पण ठेवतात.

१०. थांबायचं कुठे आणि फोन काढायचा कधी

"बाजूला घेऊन बोला" असं सगळे सांगतात, बाजू कोणती ते सांगत नाहीत. हायवेच्या पांढऱ्या पट्टीवर अर्धी गाडी ठेवून बोलणारा स्वतः तर संकटात असतोच, मागून येणाऱ्यालाही संकटात टाकतो. पूल, वळण, चढाचा माथा आणि दुभाजक जिथे फुटतो ती जागा, इथे कधीच थांबायचं नाही. पेट्रोल पंप, टोलनाक्यापुढची मोकळी जागा, शेवभाजीवाल्या ढाब्याचं आवार, गावाचा बसथांबा सोडून पुढची रुंद जागा, यांतलं एक गाठायचं. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर असं ठिकाण फार वेळ वाट पाहायला लावत नाही. तोवर वाजणारा फोन वाजू द्यायचा.

टोरंटोच्या त्या अभ्यासात आणखी एक नोंद होती, ती लोक सांगायची विसरतात. अपघातानंतर मदत बोलवायला त्याच ६९९ मधल्या ३९ टक्के लोकांनी फोन वापरला होता. गाडीत फोन असावाच. अपघात दिसला तर आपली गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा, चारी इंडिकेटर चालू करा, आणि मग फोन काढा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जागा सांगताना गावाचं नाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, गाडी लवकर पोचते. पुढे पोलीस स्टेशनच्या चकरा होतील म्हणून आपल्याकडे लोक थांबत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४ अ आलं: जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही, आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे त्याला स्वतःचं नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.